चुळीचं पाणी

आमच्या घरात शिव्या चालायच्या, रडणं चालायचं, जेवताना भांडणं तर रोजचीच होती. चालत नव्हता तो एकच शब्द, ‘खारं’. भाजीत मीठ जास्त पडलं तर आई म्हणायची, “आज जरा हात पुढं गेला,” आणि आम्ही काय ते समजून ताकाचं भांडं जवळ ओढायचो. पाण्याच्या बाबतीत तर तो शब्द कुणाच्या तोंडातून निसटला की अण्णा ताट सरकवून उठत. अण्णा म्हणजे माझे वडील. नाशिक रोडच्या पुढे, शहर संपून मळे सुरू होतात तिथे आमचा भाजीपाल्याचा मळा होता. अण्णांची खरी ओळख मात्र मळ्यामुळे नव्हती, जिभेमुळे होती. आसपास कुठेही नवी विहीर लागली, बोअर मारलं आणि पाणी वर आलं, की मालक नारळ घेऊन आमच्या ओट्यावर हजर. अण्णांनी येऊन पाणी चाखल्याशिवाय त्या पाण्यावर कुणी दाणा टाकत नसे. बाटली भरून नाशिकला तपासायला न्यायची सोय तेव्हाही होती. पण कागदावरचे आकडे कुणाला वाचता येत होते? अण्णांची जीभ सगळ्यांना समजत होती.

त्याची एक रीत ठरलेली होती आणि ती अण्णांनी आयुष्यात कधी मोडली नाही. आदल्या संध्याकाळपासून तंबाखू बंद. सकाळी चहासुद्धा न घेता, अनशापोटी निघायचं. बरोबर आमच्या विहिरीच्या पाण्याने भरलेला पितळी चंबू. तिथे पोचल्यावर त्या पाण्याने तीन चुळा भरायच्या, म्हणजे जीभ कोरी होते असं त्यांचं म्हणणं, आणि मग नव्या पाण्याची ओंजळ तोंडात घ्यायची. डोळे मिटून ते पाणी या गालातून त्या गालात फिरवत राहायचे. सगळे श्वास रोखून उभे. पाणी चांगलं असलं तर मोठ्याने “गोड!” म्हणायचे आणि मालक लगेच गूळ वाटायचा. नसलं तर काहीच बोलायचं नाही. ओंजळीतलं उरलेलं पाणी खाली सोडायचं, विहिरीला हात जोडायचे आणि चपला घालून चालू लागायचं. नव्या पाण्याच्या तोंडावर वाईट बोलू नये, एवढाच त्यामागचा विचार. लोकांना त्यातून समजायचं ते समजायचं. लहानपणी मी त्यांच्या सायकलवर पुढे बसून कितीतरी वेळा गेले आहे आणि गुळाचा खडा गालात धरून, आपले वडील म्हणजे कोण, या तोऱ्यात परत आले आहे.

आमची स्वतःची विहीर तर साखर. ही अण्णांची म्हण, आणि पंचक्रोशीचीही. सोयरिकी जुळवताना लोक शेतजमीन विचारायचे, अण्णा आधी पाणी सांगायचे. मग लागोपाठ दोन वर्षं पाऊस रुसला आणि विहिरीने तळ दाखवला. अण्णांनी विहीर खोल करायला दगड उपसायची यारी लावली, सुरुंग उडवले, आणि तरीही भागेना तेव्हा तळाशी आडवे बोअर मारले. पाणी आलं, धो धो आलं. अण्णांनी त्या दिवशी शेजाऱ्यापाजाऱ्यांना पेढे वाटले. मोटर चालू केली की हौदात पडणाऱ्या पाण्याचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत यायचा, आणि आई पोळपाटावरचा हात थांबवून क्षणभर ऐकत राहायची. त्या आवाजाने आमचं घर भरून जायचं. पाणी आलं या आनंदात ते कसलं आलं हे बघायला कुणालाच सवड नव्हती.

घरात मात्र हळूहळू बारीकसारीक बदल होत होते. तूरडाळ शिजेनाशी झाली. आई चिमूटभर सोडा टाकायला लागली आणि दुकानदाराच्या नावाने खडे फोडायला लागली. “आताच्या तुरीत दमच नाय राह्यला,” म्हणायची. चहा मधूनच फाटायचा. त्याचं खापर दूधवाल्यावर. साबणाला फेस येईना. तो साबण डुप्लिकेट. माझे केस धुतले तरी चिकटच राहायचे, त्याला माझा आळस जबाबदार. आणि सगळ्यात मजेची गोष्ट म्हणजे आईने भाकरीच्या पिठात मीठ टाकणं कधी सोडलं ते तिचं तिलाही आठवत नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. गावभर पाणी चाखत फिरणाऱ्या माणसाच्या घरात मीठ शिरलं होतं आणि आम्ही बाराही महिने तेच पाणी घटाघटा पीत होतो. जे बदलतं ते एका रात्रीत बदललं तर कळतं. रोज चिमटीएवढं बदललं तर माणूस स्वतःच त्याच्याबरोबर बदलत जातो.

अशा घरात हिरावहिनी आली. माझ्या थोरल्या भावाची बायको. माहेर घोटीकडचं, भाताच्या खाचरांतलं, जिथे पावसाळ्यात चूल विझू न देणं हेच बायकांचं मोठं काम. अंगाने बारीक, आवाजाने त्याहून बारीक, आणि डोक्यावरचा पदर कानामागे घट्ट खोवलेला. दादाला नाशिक रोडला शिफ्टची नोकरी होती, त्यामुळे मळ्यात अण्णा आणि आम्ही दोघी. मी तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांची, बारावीला एकदा आपटलेली, आणि म्हणून जगावर रागावलेली होते. लग्नानंतरच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी वहिनी मला हौदाजवळ गाठून म्हणाली, “ताई, रागावू नका, पण तुमच्याकडं पाण्याच्या माठात मीठ टाकत्यात का? काही रीत हाय का तशी?”

मी रागावलेच. “तुमच्याकडं आभाळ गळतं नुसतं. तुम्हाला काय कळतं विहिरीचं पाणी?” असं काहीतरी फटकन बोलले. ती हंडा भरून आत गेली. पण दिवाळीत तिला माहेरी पोचवायला मी गेले आणि चार दिवस राहिले. तिथे त्यांच्या आडाचं पाणी मला पहिल्या दिवशी पांचट लागलं. चवच नाही म्हणून मी नाक मुरडलं. वहिनीची आई बिचारी ओशाळली. चार दिवसांनी मी घरी परतले, एसटीतून उतरून तापलेली, तहानलेली, माठातून तांब्या भरून तोंडाला लावला आणि पहिलाच घोट तोंडात अडकला. ते पाणी खारं होतं. अश्रू ओठांवर आल्यावर लागतात तसं. मी आजूबाजूला पाहिलं. आई तांदूळ निवडत होती, अण्णा ओट्यावर पान लावत होते. मी तो घोट गिळला आणि तांब्या उपडा घातला.

आज माझ्या फ्लॅटमध्ये गाळून गाळून बेचव केलेलं पाणी नळाला येतं. नातवंडं ते पितात आणि मी त्यांना कधीतरी विचारते, कसं लागतंय? ती म्हणतात, आजी, पाणी कसं लागणार, पाण्यासारखं लागतंय. मला हसू येतं. आमच्या घरातल्या कुणीही तेव्हा हेच उत्तर दिलं असतं.

वहिनी माहेराहून परतल्यावर मी तिला एवढंच म्हटलं, “तुझं खरं हाय.” त्या दिवसापासून आम्ही दोघी एका बाजूला झालो. पण अण्णांना सांगायचं कुणी? त्यांच्या विहिरीला नाव ठेवणं म्हणजे त्यांच्या जिभेला नाव ठेवणं, आणि जिभेवर तर त्यांची सगळी अब्रू उभी होती. आधीच त्या मोसमात घेवड्याने त्यांना रडवलं होतं. घेवडा जातीचाच नाजूक, खारं पाणी त्याला मुळीच सोसत नाही. पानांच्या कडा जळाल्या, शेंगा वाकड्या झाल्या, निम्मी रोपं जागच्या जागी बसली. अण्णा बियाणेवाल्याशी भांडून आले, मग दिवसभर मळ्याच्या कडेला उकिडवे बसून राहिले. मला त्यांची फार दया आली. मी मनाशी ठरवलं की सांगायचं नाही. आपण पीक सांभाळू, अण्णांना कळायचं कारणच नाही. तेव्हा मला हे प्रेम वाटलं होतं.

पीक सांभाळायची अक्कल मात्र सगळी वहिनीची. भातवाल्यांच्या घरची पोर, भाजीपाल्यातलं तिला काही ठाऊक नव्हतं, म्हणूनच असेल, ती नुसती बघायची. एके दिवशी तिने मला वरंब्यापाशी, दोन सऱ्यांमधल्या मातीच्या उंचवट्यापाशी, बसवलं आणि माती दाखवली. सरीत पाणी सोडलं की ते वरंब्यात वर वर चढतं, उन्हाने वाळतं, आणि बरोबर आलेलं मीठ माथ्यावर ठेवून जातं. माथ्यावर पांढरी साय धरली होती. आणि आमच्याकडे रीत अशी की बी टोकायचं ते बरोबर माथ्यावर. “पाव्हण्याला आपुन डोक्यावर बसवलंय, आन् त्याच्याच मांडीवर लेकरू दिलंय,” वहिनी म्हणाली. तेव्हापासून आमच्या दोघींच्या बोलण्यात मिठाचं नाव पाहुणा पडलं. तिने एक ओळ दाखवली. टोकताना माझा हात घसरला होता आणि बी वरंब्याच्या उतारावर पडलं होतं. ती सबंध ओळ हिरवीगार होती. माझ्या आळसाला आयुष्यात मिळालेली ती एकमेव शाबासकी.

पुढचं पीक वांग्याचं. अण्णांनी आम्हाला मळ्याचा खालचा तुकडा दिला, “करा काय करायचं ते” म्हणून. आम्ही रोप वाफ्यात टाकलं तेव्हा त्याला विहिरीचं पाणी लागू दिलं नाही. सार्वजनिक नळावरून हंडे आणले, दोन डोक्यावर, एक कमरेवर. लहानपणी गोड पाणी मिळालं की रोप जरा धट्टंकट्टं होतं, मग थोडं सोसतं. लावणी उतारावर केली, पाणी जिथवर चढतं त्याच्या जरा वर. वहिनीने माहेराहून भाताचा पेंढा मागवला आणि वरंब्यांवर अंथरला, म्हणजे ऊन मातीला लागणार नाही आणि पाहुणा वर येणार नाही. अण्णा हसले. “घोटीची पोर वांग्याला गादी घालू राह्यली,” असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. सगळ्यात अवघड होतं ते पाण्याच्या पाळीचं. अण्णांचा कायदा असा की वांग्याला ताण द्यायचा, जमीन भेगाळली की मगच पाणी. पण खाऱ्या पाण्यात ताण दिला की जमिनीतलं पाणी आटतं आणि मीठ तेवढंच राहतं. मुळाला मग शोषायला होतो नुसता काढा. म्हणून आम्ही थोडं थोडं, पण लवकर लवकर पाणी द्यायचो, आणि अधूनमधून एकदा भरपूर सोडून मीठ खाली ढकलायचो. हे सगळं दुपारी, अण्णा जेवून ओट्यावर लवंडले की. मी ओट्याच्या कोपऱ्यावर पहाऱ्याला आणि वहिनी मोटरच्या बटणापाशी. त्यांचं घोरणं सुरू झालं की मी पदर हलवायचे. ताकाला जाऊन भांडं लपवणं यालाच म्हणत असावेत, कारण आम्ही चोरून पाणी देत होतो ते आमच्याच पिकाला.

वांगी आली. काळीभोर, तुकतुकीत, देठाला काटे असलेली. अण्णांच्या वरच्या तुकड्यातली झाडं पिवळट आणि आमची डोलणारी. अण्णांना काय वाटलं असेल? त्यांना आनंद झाला. ते सुनेचं कौतुक करत सुटले. “माझ्या सुनंच्या हाताला गुण हाय,” असं बाजारात, देवळात, न्हाव्याकडे, सगळीकडे सांगून आले. त्या दिवशी आईने भरली वांगी केली, शेंगदाण्याचा कूट आणि काळा मसाला घालून, आणि अण्णांनी पहिलं वांगं वहिनीच्या ताटात वाढायला लावलं. वहिनीने ते ताटाच्या कडेला सारून ठेवलं. मी मात्र दोन वांगी खाल्ली.

या मधल्या काळात अण्णांना पाणी चाखायला बोलावणी येतच होती आणि ते जातच होते. एक गोष्ट आमच्या लक्षात यायला हवी होती, ती म्हणजे ते हल्ली प्रत्येक वेळी गूळ घेऊनच परतत. एकही विहीर वाईट निघत नव्हती. आई म्हणायची, “औंदा देव पावला सगळ्यांना.” मला आत कुठेतरी टोचायचं, पण मी तिकडे बघायचं टाळत होते.

मग बाळूनानांच्या बोअरला पाणी लागलं. बाळूनाना हे अण्णांचे बालमित्र. दोघांनी एकाच शाळेतून एकाच दिवशी पळ काढलेला. नानांनी पुढे नोकरी धरली, जन्मभर बसने येजा केली, आणि आता निवृत्त होऊन वडिलांच्या माळरानावर द्राक्षबाग लावायची हे एकच वेड घेतलं होतं. मिळालेलं सगळं त्यांनी त्यात घालायचं ठरवलं होतं. खड्डे घेऊन झाले होते, वेलींच्या मांडवाचे लोखंडी अँगल येऊन पडले होते. फक्त अण्णांच्या शब्दाचं अडलं होतं. आदल्या दिवशी वहिनीने मला स्वयंपाकघराच्या मागे धरलं.

“ताई, द्राक्षालाबी घेवड्यासारखाच चटका बसंल. मामंजींच्या जिभेला आता आपल्या पाण्याची सवय झाली आसंल. तुम्ही सांगा त्यांना. तुमचं ऐकतील.”

“सांगते.”

“कधी?”

“आज सांगते की.”

मी सांगितलं नाही. संध्याकाळी अण्णांनी तंबाखूची डबी फडताळावर ठेवली, चंबू चिंचेने घासून लख्ख केला, आणि मला म्हणाले, “बाळ्याच्या बोअरचं पाणी गोड लागू दे बाई, म्हातारपणी त्याचं वाटोळं नको व्हायला.” इतकं सरळ दार उघडून दिलं होतं त्यांनी. मी म्हटलं, “लागेल हो अण्णा,” आणि भाकऱ्या थापायला बसले.

नानांनी बोअरची पूजा ठेवली होती, म्हणून या वेळी बायकांनाही बोलावणं होतं. आई, वहिनी आणि मी ओटी घेऊन गेलो. बोअरच्या तोंडाशी हळदकुंकू वाहिलेलं, नारळ फोडलेला, नानांच्या बायकोच्या हातात गुळाचं ताट तयार. पाण्याची धार हौदात पडत होती. अण्णांनी टोपी काढून ठेवली, चंबू उचलला आणि चुळा भरायला लागले. एक. दोन. तीन. मग ओंजळ. डोळे मिटलेले. मी त्यांच्याकडे बघायचं सोडून पायाच्या अंगठ्याने माती उकरत होते. त्यांनी डोळे उघडले आणि केवढ्या आनंदाने ओरडले, “गोड! बाळ्या, गोड हाय रे!”

नानांनी त्यांना मिठीच मारली. दोघंही म्हातारे डोळे पुसायला लागले. गुळाचं ताट फिरलं, माझ्यासमोर आलं, आणि मी खडा उचलून तोंडात टाकला. वहिनी माझ्याकडे बघत होती. मी तिच्या नजरेला नजर दिली नाही. तिने आयुष्यात पहिल्यांदाच हे चाखणं पाहिलं होतं. मी शंभर वेळा पाहिलं होतं आणि म्हणूनच मला त्यात काही दिसलं नव्हतं. ती पुढे झाली. पदर आणखी पुढे ओढला, हौदातलं पाणी चिमटीभर घेऊन जिभेला लावलं, आणि मग नानांच्या घरातल्या पिण्याच्या माठातून, जो ते गावातल्या नळावरून भरून आणत, एक तांब्या भरून अण्णांसमोर धरला.

“मामंजी,” ती म्हणाली. आवाज बारीकच होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. “चंबूतल्या पाण्यानं नका. या पाण्यानं चुळा भरा आन् मग परत चाखा.”

सासऱ्याला चारचौघांत असं सांगणारी सून तिथे कुणी पाहिली नव्हती. आई पुटपुटली, “अगं बये, गप.” नानांची बायको ताट घेऊन थिजली. अण्णांचा चेहरा लाल झाला. मला वाटलं आता तांब्या उडवून देतील. पण वहिनी तांब्या तसाच धरून उभी राहिली, आणि रागाच्या भरातच म्हणा, त्यांनी तो हिसकावला. तीन चुळा भरल्या. जोरजोरात, थुंकून दाखवल्यासारख्या. मग नव्या पाण्याची ओंजळ तोंडात घेतली. या वेळी त्यांना ते फिरवावं लागलं नाही. त्यांनी ओंजळीतलं उरलेलं पाणी खाली सोडलं.

कुणी काही बोलायच्या आत त्यांनी खाली वाकून स्वतःचा चंबू उचलला आणि त्यातला घोट घेतला. मग आणखी एक. मी त्यांच्याकडे बघत होते आणि मला रडू फुटलं, कारण त्यांच्या तोंडावर मला माझाच दिवाळीनंतरचा घोट दिसला. ते हौदाच्या काठावर बसले. “माझंच हाय,” म्हणाले. “बाळ्या, माझंच पाणी गेलंय. मी त्यानंच मोजत होतो.” नानांना काही समजेना. ते आपले विचारत राहिले, “म्हंजी गोड का नाय, अरे?” अण्णांनी वहिनीकडे वळून विचारलं, “तुला कधीपासून म्हाईत?” वहिनी म्हणाली, “आले तेव्हापासून, मामंजी.” तिने माझं नाव घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती. मी गुळाचा खडा तोंडात धरून रडत होते आणि अण्णांनी ते पाहिलं.

घरी आल्यावर आठ दिवस ते कुठल्याच कामाला लागले नाहीत. जेवायला बसायचे, भाकरीचा एक तुकडा मोडायचे, तो चावताना थांबायचे आणि पाण्याच्या पेल्याकडे बघत राहायचे. विहिरीच्या काठावर जाऊन बसायचे. आईने वहिनीशी अबोला धरला. “शेवटी तूच यांची अब्रू रस्त्यावर आणलीस,” असं एकदाच बोलली आणि मग भांड्यांचे आवाज करत राहिली. वहिनी खालमानेने कामं करायची. मी तिची बाजू घ्यायला हवी होती. आईला सांगायला हवं होतं की हे मलाही ठाऊक होतं. मी त्या आठ दिवसांत एकदाही ते बोलले नाही. इतकी वर्षं झाली, वहिनीने मला त्याबद्दल कधी टोचून बोललेलं नाही, आणि त्याचंच मला अजून वाईट वाटतं.

नवव्या दिवशी सकाळी अण्णा खालच्या तुकड्यात आले. आम्ही वांगी तोडत होतो. ते वरंब्यापाशी वाकले, पेंढा बाजूला सारला, रोप कुठे लावलंय ते निरखलं, माथ्यावरची पांढरी माती बोटाने उचलून जिभेला लावली. मग वहिनीला म्हणाले, “सगळं सांग मला. पहिल्यापासून.” आणि वहिनी सांगू लागली, हंड्यांचं, उताराचं, दुपारच्या मोटरचंसुद्धा. ते ऐकत राहिले, मधेच “आन् मग?” म्हणत राहिले. शेवटी उठले, धोतर झटकलं. “चल,” तिला म्हणाले. “विहीर खोल केल्यापासून मी सात जागी गोड म्हणून आलोय. सातही जागी परत जायचंय. तू चाखायचं, आन् कसं लावायचं तेबी तूच सांगायचं.”

मी टोपली खाली ठेवली. “मी येऊ, अण्णा?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. राग असता तर मला बरं वाटलं असतं. “तू थांब घरी,” ते म्हणाले. “ती परक्या घरची, तरी बोलली. तू माझी असून गप बसलीस.”

ते दोघं बांधावरून गेले. मी उरलेली वांगी तोडली, सरीला पाणी लावलं, गाईला चारा घातला. रोज संध्याकाळी ते परतायचे आणि वहिनी पाय धुताना मला हळूच सांगायची, आज कुठे गेलो, कोण हसलं, कोण भांडलं, कोण जेवल्याशिवाय सोडेना. सातांपैकी दोन विहिरी खरंच गोड निघाल्या, याचा अण्णांना कोण आनंद. बाळूनानांच्या खड्ड्यांत द्राक्ष गेलं नाही. पालक, बीट आणि गवार गेली, ज्यांना असलं पाणी बऱ्यापैकी चालतं. अँगल त्यांनी आल्या पावली परत केले आणि वर्षभर अण्णांना शिव्या देत आमच्याच ओट्यावर चहा पीत राहिले.

शेवटची एकच विहीर राहिली असताना एका सकाळी वहिनीला ताप भरला. मी चुलीपुढे होते. अण्णा दारात येऊन उभे राहिले. मग म्हणाले, “चहा घेऊ नको. नळाच्या पाण्यानं चुळा भर आन् चल.” मी उठले. त्यांनी मला वाटेत एकच गोष्ट सांगितली. “हातानं पाणी सोडून द्यायचं नाय. खारं लागलं तर खारं म्हणायचं. तोंडानं. मी समोर असलो तरी.”

ती विहीर एका तरुण जोडप्याची होती, माझ्याहून चार-पाच वर्षांनीच मोठं असेल. अण्णांच्या शब्दावर त्यांनी सगळा मळा घेवड्याखाली आणला होता आणि पानांच्या कडा जळायला लागल्या होत्या. बाई कडेवरचं पोर सावरत आमच्याकडे बघत होती. नवरा म्हणाला, “अण्णा, पाणी गोड हाय, तुम्हीच म्हनले व्हते ना? मग बियाणंच खराब आसंल.” मी ओंजळ तोंडाला लावली. अण्णा माझ्यासमोर दोन हातांच्या अंतरावर उभे होते, टोपी काढून. मला त्यांच्याकडे बघवेना, तरी मी बघितलं.

“खारं आहे,” मी म्हणाले.

माझ्या घरात न चालणारा शब्द मी अण्णांच्या तोंडावर म्हटला आणि ते हलले नाहीत. त्या माणसाकडे वळून ते म्हणाले, “मी चुकलो व्हतो. आता माझी पोर सांगती ते ऐक.”

मग मी खाली बसले आणि त्या बाईला वरंबा दाखवायला सुरुवात केली.